दीड टनाचे नाना

नाना ही एक व्यक्ती नाही. श्रीवर्धनच्या कुठल्याही पाखाडीत शिरा, एक तरी नाना सापडतोच: तीस-पस्तीस वर्षं मुंबईत चाकरी केलेला, निवृत्तीनंतर वडिलांच्या घरी परत आलेला, आणि आल्यावर वर्षभरात गळ्यात चष्मा, खिशात टेस्टर हा कायमचा पोशाख झालेला. पूर्वी त्या खिशात पेन असायचं. आजही कोणी सही मागितली की नाना सवयीने टेस्टर काढतात आणि कागदाकडे जरा वेळ बघत राहतात.

मुंबईत असताना नानांनी घरातल्या एकाही यंत्राला हात लावला नव्हता. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये पंखा कुरकुरला की ते वॉचमनला सांगत. नळ गळला की सोसायटीच्या सेक्रेटरीला पत्र लिहीत आणि त्याची प्रत फाइलला लावत. यंत्र बिघडणं हा त्यांच्या लेखी पत्रव्यवहाराचा विषय होता. गावी आल्यावर कळलं की इथे सेक्रेटरीच नाही. घराच्या उताऱ्यावर ज्याचं नाव, तोच सेक्रेटरी, तोच वॉचमन आणि तक्रारदारही तोच. पहिले काही महिने नानांनी स्वतःकडे बऱ्याच तक्रारी केल्या. दाद लागली नाही.

बाळाजी विश्वनाथ भट सिद्दीच्या जाचाने श्रीवर्धन सोडून वर देशावर गेले आणि 1713 मध्ये पेशवे झाले. "इथेच राहिले असते तर काय झालं असतं हो नाना?" असं विचारलं की नाना गंभीरपणे सांगतात, "दर मे महिन्यात घर शाकारत बसले असते." हे ते थट्टेने म्हणत नाहीत. त्यांच्या वडिलांचा अख्खा मे शाकारणीत जायचा. कौलं उतरवायची, फुटकी वेगळी काढायची, कुजलेल्या रिपा बदलायच्या आणि मृग लागायच्या आत सगळं पुन्हा चढवायचं. त्या कौलारू घरात गारवा आपोआप असायचा, असं शहरातले पाहुणे आता डोळे मिटून सांगतात. आपोआप काही नव्हतं. वर माळा, खाली सारवलेली जमीन, मागे पोफळींची वाडी, वाडीत पाटाचं पाणी. आणि या सगळ्यामागे दरवर्षी कोणाची तरी धरलेली कंबर.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच पट्ट्यात किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी 110 ते 120 किलोमीटर. कौलं उडाली, एका पाखाडीचे पत्रे दुसऱ्या पाखाडीत सापडले, आज्या-पणज्यांनी लावलेल्या पोफळी नि माड वाडीत आडवे झाले आणि बऱ्याच घरांत कित्येक आठवडे लाइट आली नाही. तेव्हा नानांनी ठरवलं, आता कौल नको, स्लॅब. स्लॅब वादळाचं काही ऐकत नाही हे खरंच. पण तो उन्हाचं सगळं ऐकून घेतो, दिवसभर साठवतो आणि रात्री खाली झोपलेल्या माणसाला सांगत बसतो. छपरावर सावली धरणारी झाडंही गेलेली. म्हणून मग एसी आला. दीड टनाचा, इन्व्हर्टर, पाच स्टार. त्याची पूजा झाली, हार घातला. नारळ कुठे फोडायचा यावर थोडी चर्चा झाली.

पहिला उन्हाळा बरा गेला. दुसऱ्या मे महिन्यात एसी आतल्या बाजूने टपटपू लागला, तेही नेमका नानांच्या उशीवर. कंपनीच्या फोनवर एक गोड आवाज, एक गाणं, पुन्हा तोच गोड आवाज. माणगावचा मेकॅनिक "उद्या येतो" म्हणाला. पण दिवेआगरपासून हरिहरेश्वरपर्यंत एकूण एक लॉज आणि घरगुती राहण्या-जेवणाची सोय त्याच आठवड्यात त्याच मेकॅनिकची वाट बघत होती, त्यामुळे तो उद्या पहिल्या पावसात उजाडला असता. शेवटी कोणाच्या तरी ओळखीचा एक पोरगा मोटरसायकलवरून आला. एसीकडे खालूनच बघून म्हणाला, "गॅस संपलाय." गॅस भरला, पैसे घेतले, गेला. रात्री उशी पुन्हा ओली.

मग आले म्हसळ्याचे चाचा. आमच्या या भागातल्या कित्येक कोकणी मुसलमान घरांतले पुरुष आखातात नोकरीला गेले. चाचांनी अर्धं आयुष्य कुवेतमध्ये एसीच दुरुस्त केले. आता वय झालंय, जिने चढत नाहीत, पण माणूस बरा वाटला तर येतात. चाचांनी खुर्चीवर उभं राहून झाकण उघडलं आणि आतली जाळी बाहेर काढली. तिची गोधडी झाली होती. ती त्यांनी न बोलता नानांच्या हातात दिली. मग बाहेर गेले, भिंतीवरून खाली आलेल्या पाण्याच्या नळीच्या तोंडाशी वाकले आणि म्हणाले, "खराटा आणा." अंगणातल्या खराट्याचा एक हीर ओढून त्यांनी नळीत घातला, फिरवला. कुंभारीण माशीचं मातीचं अख्खं घर बाहेर पडलं आणि त्यामागून भडाभडा पाणी.

"आणि तो गॅस?" नानांनी विचारलं.

"गॅस जाणार कुठे, नानासाहेब? बंद नळीत गोल फिरतो तो. कमी झाला तर कुठेतरी भोक आहे. आधी भोक शोधायचं, बुजवायचं, मग गॅस. भोक तसंच ठेवून गॅस भरणारा पुढच्या वर्षाचं गिऱ्हाईक पक्कं करून जातो."

चाचांनी चहा घेतला, पैसे घेतले नाहीत, गेले. पण त्या हिराने नानांचं डोकं जे फिरलं ते फिरलंच. आपल्या उशीवरचं पाणी आणि एका माशीचा संसार यांच्यात फक्त एका खराट्याचं अंतर होतं, आणि हे पस्तीस वर्षांच्या नोकरीत आपल्याला कोणी सांगितलं नाही, याचा त्यांना मनापासून राग आला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दोनशे पानी वही आणली.

या वहीतली नानांची सर्वांत मोठी कामगिरी म्हणजे एकादशी. एसीची जाळी साधारण पंधरा दिवसांनी धुवावी, असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. पण पंधरा दिवस कुठून मोजायचे हे कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून ती कोणी धूत नाही. नानांनी जाळी एकादशीला बांधून टाकली. महिन्यातून दोनदा, शुद्ध आणि वद्य, चुकायची सोयच नाही; घरात साबुदाणा भिजला की जाळी उतरलीच पाहिजे. साध्या पाण्याने धुवायची, ब्रश जोरात घासायचा नाही, सावलीत वाळवायची, उन्हात टाकली तर वेडीवाकडी होते. मग पंचांगात बाकीचे संस्कारही जाऊन बसले. शिमग्याआधी बाहेरच्या युनिटला गोड्या पाण्याची आंघोळ. अक्षय तृतीयेला अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी. वळवाचा पहिला गडगडाट ऐकला की एमसीबी खाली. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीआधी गिझरची तपासणी. फ्रिजच्या दाराचं रबर नागपंचमीला पुसायचं. ते नागपंचमीलाच का, हे विचारू नये; मोकळी तिथी तेवढीच उरली होती.

"पूर्वी एकादशीला निदान विठोबाचं नाव तरी घ्यायचे," नानांच्या घरच्या, म्हणजे आमच्या काकू, म्हणतात. "आता सकाळपासून जाळी, जाळी."

पण पाखाडीतल्या पाचसात घरांत आता एकादशीला जाळी धुतात, हेही खरं आहे. त्या घरांतले एसी गळत नाहीत. नानांचं हसं करणाऱ्यांत मीही पुढे असतो, पण एवढं त्यांना द्यायलाच हवं.

बाहेरच्या युनिटचं प्रकरण जरा गंभीर. समुद्राकाठची हवा खारी. एसीच्या बाहेरच्या भागात तांब्याच्या नळ्यांवर ॲल्युमिनियमची पातळ पाती बसवलेली असतात. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले, त्यांत खारा ओलावा गेला की ॲल्युमिनियम झिजायला लागतं, पांढरी भुकटी होऊन गळतं. पुण्यात वर्षानुवर्षं चालणारा एसी इथे लवकर थकतो तो यामुळे. कुवेतमध्येही समुद्र आणि वर वाळू, त्यामुळे चाचांना हे पाठ होतं. "युनिट समुद्राच्या वाऱ्यापासून आडोशाला बसवायचं, आणि मीठ धुऊन काढत राहायचं," इतकंच ते बोलले. नानांनी याचं एक भाषण केलं. पण त्याआधी उत्साहाच्या भरात मोटारी धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने युनिट धुऊन त्यांनी निम्मी पाती आडवी करून ठेवली होती. ती सरळ करायची खास फणी बाजारात मिळते, म्हणजे मुंबईच्या बाजारात. इथे नानांनी काकूंच्या कपाटातून सासूबाईंची लिखा काढायची फणी काढली आणि सबंध दुपार ओसरीवर बसून एसीचा भांग पाडला. पाती सरळ झाली. फणीचे तीन दात गेले. काकू तीन दिवस बोलल्या नाहीत, आणि नानांना ते चौथ्या दिवशी कळलं.

नाना शिकतात ते एक वेळ चालतं. ते शिकवतात तेव्हा पंचाईत होते. टन म्हणजे काय, हे आमच्या पाखाडीत आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी उष्णता खोलीबाहेर काढायची ताकद म्हणजे एक टन. हा टन अमेरिकी, सुमारे 907 किलोंचा. म्हणजे दीड टनाचा एसी दिवसाला साडेतेराशे किलो बर्फाचं काम करतो. हे गणित नानांनी एकदा जीवना बंदरावर, मासळीच्या पेटाऱ्यांत बर्फ भरणाऱ्या मंडळींना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. एक जण म्हणाला, "मग नाना, तुम्हाला रात्रीपुरता लागतो तेवढा ठेवा, दिवसाचा बर्फ बंदरावर धाडत जा."

त्यांचं दुसरं आवडतं आख्यान विलिस कॅरिअरचं. 1902 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगावर रंग बसायचा नाही; त्यावर उपाय म्हणून या तरुण इंजिनिअरने जे यंत्र आखलं, तिथून आजचा एसी सुरू झाला. म्हणजे माणसाला गार करण्यासाठी नव्हे, हवेतला दमटपणा काढण्यासाठी. "आपल्याला तरी दुसरं काय हवंय?" नाना विचारतात. "मे महिन्यात इथे पारा बत्तीस-चौतीसच्या पुढे फारसा जात नाही. नागपूरवाल्याला हसू येईल. पण घाम वाळत नाही, त्याचं काय?" आणि रिमोटवरचं ते थेंबाचं चिन्ह, ज्याला तुम्ही आम्ही कधी हात लावत नाही, ते दाबून दाखवतात. ड्राय मोड. हवेतलं पाणी काढतो, खोली फार थंडावत नाही, वीज कमी खातो. दमट किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी हाच खरा उपयोगाचा. काकूंनी हे आख्यान एकदाच ऐकलं, आणि त्या आषाढात पोह्याचे पापड, फेण्या, न वाळलेले टॉवेल, नातवाचं दप्तर असं सगळं एसीच्या खोलीत नेऊन मांडलं. नानांना बाहेर पडवीत झोपावं लागलं. मला विचाराल तर कॅरिअरचं मूळ म्हणणं घरात फक्त काकूंना समजलं.

आता तापमान. पुण्याचा भाचा समुद्रात डुंबून ओल्या अंगाने येतो, एसी 16 वर ठेवतो आणि दार उघडं टाकून मासे तळले का ते बघायला स्वयंपाकघरात जातो. अशा वेळी नानांच्या अंगात सरकार संचारतं. "1 जानेवारी 2020 पासून देशात विकला जाणारा एसी सुरू होताना 24 वरच लागायला हवा, असा नियम आहे, माहीत आहे का? एक अंश वर नेलास की साधारण सहा टक्के वीज वाचते, हे मी नाही, ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी सांगतंय." भाचा म्हणतो, "मामा, 16 वर लवकर गार होतं." मग मामा त्याला चुलीचं, मोटारीचं आणि शेवटी सासुरवाडीचं उदाहरण देतात. भाचा रिमोट खाली ठेवतो. पटलं म्हणून नाही. भूक लागलेली असते.

या सगळ्या पसाऱ्यात नानांना कुठे थांबवायचं, हे चाचांनी पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं. नानांनी व्हिडिओ बघून बाहेरच्या युनिटचं झाकण काढलेलं, हातात पक्कड. चाचा फाटकातूनच ओरडले. नानांनी सांगितलं, एमसीबी पाडलाय, काळजी नको. चाचांनी आतला डब्यासारखा कपॅसिटर बोटाने लांबूनच दाखवला. "लाइट बंद केली तरी याच्या पोटात वीज राहते. हा कुवेतमध्ये माझ्या डोळ्यांसमोर एकाला फेकून गेलाय." नवीन एसीत भरतात तो आर-32 गॅसही काही अगदी साळसूद नाही; गळला आणि जवळ ठिणगी असली तर पेट घेऊ शकतो. मग चाचांनी वाटणी करून दिली: "धूळ, पाणी, माती तुमची. वीज आणि गॅस माझा." नानांनी हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर तांबड्या शाईने लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली. त्यामुळे पाखाडीतल्या पुष्कळांना ते नानांचंच वाक्य वाटतं.

तसंच स्लॅबचं. चाचा सुरुवातीपासून सांगत होते, "एसीला शिव्या देण्याआधी स्लॅबवर झावळ्या टाका." एवढ्या स्वस्तात प्रश्न सुटणं नानांना मानवेना. त्यांनी थर्मामीटर आणला, छताला चिकटवला, सकाळ-दुपार-रात्र आकडे मांडले. महिनाभराने त्यांचा निष्कर्ष निघाला: स्लॅबवर झावळ्या टाकाव्यात. मग मांडव घातला, उरलेल्या भागाला पांढरा चुना फासला. खोली खरोखर लवकर गार होऊ लागली आणि एसीचं धापा टाकणं कमी झालं. पाहुण्यांना नाना हल्ली गच्चीवर नेतात आणि "माझा एक प्रयोग दाखवतो" म्हणतात. वडिलांनी उन्हाळ्यात अंगणभर झावळ्यांचाच मांडव घातलेला असायचा, हे त्यांना आठवत नाही असं नाही. पण वडिलांकडे थर्मामीटर नव्हता.

गिझरच्या बाबतीत मात्र नाना भावुक होतात. गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो. पाणी टाकीचं लोखंड खायला येतं तेव्हा ते आधी या दांड्याला खातं. टाकी टिकावी म्हणून दांडा झिजतो. आमच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, तेव्हा तो आणखी भराभर झिजतो. वेळेवर बदलला नाही तर पुढची पाळी टाकीची. मेकॅनिककडून तो बदलून घेतला तेव्हा नानांनी जुना दांडा हातात धरला. बोटभर जाडीचा होता, आता नुसती काडी उरलेली. आवाज जड करून ते म्हणाले, "सगळ्यांसाठी झिजणारं घरात कोणीतरी असतं बघ."

काकू तेव्हा जाळीचं पाणी पुसत होत्या. म्हणाल्या, "आज दिसलं वाटतं?"

काकूंचा स्वतःचा बंब न्हाणीघरात अजून उभा आहे, तांब्याचा, सासूच्या वेळचा. वादळानंतरच्या त्या आठवड्यांत पाखाडीतले गिझर भिंतीवर शोभेला होते आणि गरम पाणी होतं ते या बंबाचं. पडलेल्या माडांच्या झावळ्या, सोडणं, करवंट्या, जळण तर वाडीभर पसरलेलं. काकू रोज राख काढतात, सणासुदीला आमसुलाने घासतात, आणि कसलीही वही ठेवत नाहीत. नानांनी एकदा बंबाचीही "सर्व्हिसिंग" करू का विचारलं. काकूंनी हातातला चिमटा खाली न ठेवता त्यांच्याकडे फक्त पाहिलं. वहीत बंबाचं पान अजून कोरं आहे.

परवा नानांना घरी पंख्याचा आवाज ऐकू आला. पंखा माझा होता. मी काही म्हणायच्या आत टेस्टर बाहेर आला, "कंडेन्सर गेलाय, अडीचचा लागेल, साठ-सत्तर रुपयांत काम," असं निदान झालं. पण हात लावायच्या आधी थांबून म्हणाले, "हे विजेचं काम. चाचांच्या वाटणीचं." वायरमनने संध्याकाळी येऊन तोच अडीचचा कंडेन्सर बसवला. नाना बाजूला खुर्ची टाकून बसले होते आणि त्याला टन म्हणजे काय ते सांगत होते.

तेव्हा मे महिन्यात श्रीवर्धनला आलात आणि खोलीतला एसी अंगावर गळू लागला, तर लॉजवाल्यावर ओरडण्याआधी बाहेर जाऊन नळीचं तोंड बघा. खराटा अंगणात असतोच, एक हीर काढून घ्या. नानांना मात्र बोलावू नका. ते लगेच येतील, काम दोन मिनिटांत होईल, आणि तुमची हरिहरेश्वरची गाडी चुकेल.